लाल चढत नाही, बाई

“आई, तू बेडरूमला लाल रंग देणार आहेस?” मुलीने फोनवर विचारलं. एकसष्टाव्या वर्षी मी बुलेट घ्यायला निघाले असते तरी तिचा आवाज याहून वेगळा लागला नसता. मी म्हटलं, नुसता लाल नाही गं, लाल आणि राखाडी. तेव्हा तिचा जीव जरा भांड्यात पडला. राखाडी तिच्या ओळखीचा. वाकडच्या तिच्या फ्लॅटमध्ये फरशी राखाडी, सोफा राखाडी, पडदे राखाडी, आणि एका भिंतीला मुद्दाम प्लॅस्टर न केल्यासारखा दिसणारा महागडा राखाडी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी खिडकी उघडी ठेवली आणि आषाढ घरात शिरला. ती त्याला ‘ग्रे’ म्हणते. ग्रे म्हटलं की तो रंग बहुधा इंचावर विकत मिळतो.

माझी खोली डोंबिवली पूर्वेला, १९९४ सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खोली दहा बाय साडेआठ, म्हणजे पंच्याऐंशी चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या दुसऱ्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर जागा हवी असं म्हटलंय. तेवढे होतात एक्क्याऐंशी चौरस फूट. म्हणजे चार फुटांनी का होईना, माझी खोली सरकारदरबारी खोली ठरते. तीत एक पलंग, पश्चिमेची एक खिडकी, दारावर माळा आणि एक गोदरेजचं कपाट. कपाट खरं तर गोदरेजचं नाही, माझ्या वडिलांनी १९८९ साली लग्नात दिलेलं, कल्याणच्या एका कारखान्यात बनलेलं आहे. पण आपल्याकडे लोखंडी कपाट कुणीही बनवलेलं असो, ते गोदरेजचंच. त्याचा रंग अर्थातच राखाडी. त्या काळात दुकानदार “कुठला रंग?” असं विचारत नसे, “आरसा हवा का?” एवढंच विचारी.

सगळं सुरू झालं ते या कपाटावरून. मुलीने हौसेने एका इंटिरिअरवाल्या मुलाला घरी पाठवलं. मुलगा गुणी होता, चपला बाहेर काढून आला, लेझरच्या डबीने मापं घेतली. मग म्हणाला, “मावशी, पहिलं हे कपाट काढू. इथे पांढऱ्या लॅमिनेटचा स्लायडिंग वॉर्डरोब, समोर फुल आरसा, भिंती ऑफव्हाइट. खोली दीडपट मोठी दिसेल.” खर्च दोन लाख ऐंशी हजार. मी विचारलं, “मोठी कुणाला दिसेल?” तो गोंधळला. प्रश्न खोचक नव्हता, मला खरंच कळेना. या खोलीत मी झोपते. पाहुणा इथे येत नाही, आला तर पिशवी पलंगावर टाकून जातो. मला ती किती आहे ते पस्तीस वर्षांच्या झाडलोटीनंतर पक्कं ठाऊक आहे. (तीस वर्षांच्या, माफ करा. चित्रकलेच्या बाईचं गणित.)

तर माझं म्हणणं हे आहे. शनिवार-रविवारच्या पुरवण्यांत घरसजावटीचं जे काही छापून येतं, त्यात लहान खोलीला एकच सल्ला असतो: मोठी दिस. फिका रंग लाव, आरसे बसव, काळोखाला घाबर. जणू लहान असणं हा खोलीचा गुन्हा आहे आणि तिने तो जन्मभर लपवत राहावं. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत एकशेसाठ चौरस फुटांत आठ-आठ दहा-दहा माणसांचे संसार झाले. त्यांनी भिंती निळ्या रंगवल्या, हिरव्या रंगवल्या, गुलाबी रंगवल्या. खोली मोठी दिसावी म्हणून नाही, आवडलं म्हणून. आता आपल्याला कारपेट एरिया कळायला लागलाय आणि रंगाची हिंमत गेलीय. लहान खोलीला उबदार असणं, खोल असणं, जरा अंधारं असणं जमतं. दिवाणखान्याला ते जमत नाही. हा तिचा फायदा सोडून आपण तिला दिवाणखान्याची धाकटी, जरा मंद बहीण करून टाकतो.

कपाट काढायचं नाही, हे मी ठरवलं. काढता येतही नव्हतं, ते पुढे सांगते. आता कपाट राखाडी. खालची मोझॅकची लादीही राखाडीच, त्यात काळे-पांढरे दगडाचे तुकडे, मधे कुठे चुकार विटकरी. म्हणजे खोलीचा अर्धा रंग तीस वर्षांपूर्वीच ठरून गेला होता, आम्ही त्याच्याकडे बघत नव्हतो इतकंच. ह्यांनी दर सहा-सात वर्षांनी आयव्हरीच लावला. “आयव्हरी कसा सभ्य दिसतो,” म्हणायचे. मी शाळेत पोरांना इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी रंगसंगती शिकवत होते आणि घरी आयव्हरीत झोपत होते. भांडावं इतकं ते महत्त्वाचं वाटलं नाही कधी. हे गेले त्याला तीन वर्षं झाली.

लाल का, तर लादीतल्या त्या विटकरी तुकड्यांमुळे. आणि माहेरच्या घरामुळे. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं, ओटीवर लाल कोबा. त्या कोब्यात सिमेंटबरोबर लोखंडाच्या गंजाचीच तांबडी पूड घालतात, तो पाणी पाजून पिकवावा लागतो, आणि पुढे वर्षानुवर्षं पावलांनीच चकाकत जातो. मागच्या पडवीत मात्र शहाबादी. दुपारी आजी शहाबादीवर ओलं फडकं फिरवून तिथेच आडवी व्हायची. ओली शहाबादी आणि उंबऱ्यापलीकडचा लाल कोबा: लाल आणि राखाडी शेजारी पाहिले ते तिथे, वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी. हा कुठल्या परदेशी मासिकातला मेळ नव्हे. घाट उतरताना बसच्या खिडकीतून बघा, वर काळाकरडा बसॉल्ट, खाली जांभा.

नणंदेला सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, “वहिनी, चांगलाच दिसेल. पण आता लाल… लोक काय म्हणतील?” ‘आता’ या शब्दावर तिने जे वजन दिलं त्यात सगळं आलं. नणंद वाईट नाही. माझ्यावर जीव आहे तिचा. पण तिच्या डोक्यात लाल म्हणजे कुंकू, हिरवा म्हणजे चुडा, आणि मला दोन्हींची सुट्टी झालेली.

मी तिला काकूआजीची आठवण करून दिली. ती माझ्या आजोबांची चुलत वहिनी. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य, केशवपन. मी सात-आठ वर्षांची असताना ती पंच्याहत्तरीला पोचलेली होती आणि मी तिला लालखेरीज कुठल्याही रंगात पाहिलं नाही. अलवण. डोक्यावरून घट्ट ओढलेलं, धुऊन धुऊन विटलेलं लाल लुगडं. ज्या समाजाने सवाष्णीच्या कपाळावर लाल ठेवला, त्यानेच विधवेला नखशिखांत लाल गुंडाळला, आणि दोन्ही वेळा तिला विचारलं नाही. तेव्हा लाल म्हणजे सौभाग्य वगैरे मला कुणी सांगू नये. लालाचा त्यात काही दोष नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितला. गावाला ठराव करावा लागला. मला फक्त रंगाऱ्याला फोन करायचा होता.

नणंद म्हणाली, “काकूआजी माझ्या लक्षातच नव्हती.” मग म्हणाली, “पण फार भडक नको हं.”

तो मुद्दा बरोबर होता. लाल हा एक रंग नव्हेच. कुंकवाचा, शेंदराचा, गेरूचा, विटेचा, डाळिंबाचा, जास्वंदीचा, मिरचीचा. शिवाय किरमिजी. किरमिज मूळचा एका किड्याचा. वाळवलेल्या किड्यांपासून रंग काढत, त्याचं फारसी नाव आपल्याकडे किरमिजी होऊन राहिलं आणि इंग्रजांकडे क्रिम्झन. साडीच्या दुकानात आपण “हा नको, जरा तांबूसकडे झुकणारा दाखवा” म्हणून गाद्यांवर शंभर साड्या उलगडायला लावतो. आणि भिंतीचा रंग घेताना मात्र दोन इंचांच्या चौकोनाकडे बोट दाखवून मोकळे होतो. मी लहान डब्यांतून चार लाल आणले, ड्रॉइंग पेपरच्या मोठ्या तावांवर रंगवले आणि आठवडाभर भिंतींवर चिकटपट्टीने लावून ठेवले. सकाळी, चार वाजता पश्चिमेचं ऊन आत आल्यावर, रात्री ट्यूबखाली. जास्वंदीसारखा होता तो उन्हात अंगावर यायचा. डाळिंबी सुंदर, पण ट्यूबच्या उजेडात त्याचं सुकलेलं बीट व्हायचं. उरला गेरूच्या जवळचा विटकरी.

रंगारी मुरबाडकडचे. पंचविशीपासून हेच काम, बोलणं कमी. मी जास्वंदी ताव हळूच पुढे केला (मोह सुटत नव्हता) तर ते म्हणाले, “लाल चढत नाही, बाई.”

मला वाटलं, हेही नणंदेच्या पक्षाचे. तसं नव्हतं. ‘चढत नाही’ म्हणजे खालचं झाकत नाही. फिक्या रंगांत पांढरं टायटॅनियम भरपूर असतं, ते भिंत झाकतं. भडक लाल बनवायचा तर पांढरं घालता येत नाही, घातलं की गुलाबी. मग दोन हातांत भागत नाही, चार-पाच हात मारले तरी रोलरचे पट्टे दिसत राहतात आणि आतला आयव्हरी डोकावतो. “मग करायचं काय?” मी विचारलं. ते म्हणाले, “खाली ग्रे मारायचा. प्रायमरमध्ये काळा टाकून. पांढऱ्यावर लाल हलका पडतो, ग्रेवर उठतो.”

तेहतीस वर्षं मी रंग शिकवला आणि हे मला माहीत नव्हतं. पोरांना कागद पांढराच देत होते ना.

गेरूचं मात्र वेगळं. लोहाचा तांबडा मुळात दाट, दोन हातांत झाकतो, आणि उन्हाने विटत नाही. भीमबेटकाच्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वी कुणी लाल हरणं, लाल माणसं काढली, ती हाच गेरवा लाल असल्यामुळे अजून भिंतीवर आहेत. माझ्या पश्चिमेच्या खिडकीला एवढी हमी पुरे होती. विटकरी नक्की झाला, पण मी हट्टाने खाली राखाडी मारायलाच लावला. दोन दिवस ती भिंत ओल्या सिमेंटसारखी दिसत होती. तिसऱ्या दिवशी वर पहिला हात चढला आणि लाल असा आतून आला की रंगारी स्वतः दोन पावलं मागे सरकून बघत उभे राहिले. मला गायतोंडे आठवले. नागपूरला १९२४ साली जन्मलेले, जे.जे.त शिकलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन कॅनव्हासवर थरावर थर चढवत, पुसत, पुन्हा चढवत. खालचा थर वरच्याला उजेड पुरवतो. पुढची कितीतरी वर्षं ते दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या लहानशा बरसातीत राहिले, तिथेच काम केलं. जागा मोठी दिसावी म्हणून त्यांनी आरसे लावल्याचं माझ्या वाचनात नाही.

इथवर सगळं छान. घोडचूक मी केली ती राखाडीत.

लाल लावला तो पलंगाच्या उशाकडच्या, साडेआठ फुटांच्या भिंतीला. ती झोपताना डोळ्यांसमोर येत नाही, दारातून आत येताना तेवढी दिसते. उरलेल्या तीन भिंतींना फिका राखाडी. शेडकार्डवर एक निवडला, थंड, स्वच्छ, पावसाळी सकाळसारखा. चार लिटरची बादली आली, एक भिंत झाली, आणि संध्याकाळी बघते तर राखाडी शेवाळलेला! हिरवट, जणू मागे नळ गळतोय. दुकानात फोन करणार होते. मग बादलीतला रंग पांढऱ्या कागदावर लावून बाहेर गॅलरीत नेला, तर तो हिरवा नव्हताच.

तेव्हा स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबलँच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी येत. त्याने तपासलं तर धाग्याचा रंग पक्का होता, शेजारच्या रंगामुळे तो वेगळा दिसत होता. १८३९ साली त्याने यावर भलंमोठं पुस्तक लिहिलं. लालाशेजारी राखाडी ठेवा, डोळा त्या राखाडीत लालाचा विरोधी हिरवा भरतो. हे मी दर जूनमध्ये आठवीच्या वर्गात फळ्यावर चौकोन काढून दाखवत असे. पोरं “बाई, खरंच हिरवं दिसतंय!” म्हणून ओरडत. स्वतःच्या भिंतीवर दिसलं तेव्हा मात्र बाई दुकानदाराशी भांडायला निघाल्या.

उपायही वर्गातलाच. काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी मेलेला असतो, त्याला कुठलातरी रंग पाजावा लागतो. मी रंगाऱ्यांना म्हटलं, उरलेल्या विटकरीतली एक वाटी या बादलीत ओता. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बादलीकडे पाहिलं. “बिघडला तर माझ्यावर नको.” नाही म्हटलं. वाटी ओतली, काठीने अर्धा तास ढवळलं. बादलीत फारसा फरक दिसेना. भिंतीवर गेल्यावर मात्र तो राखेचा रंग झाला, चुलीतली राख सकाळी हात घातला तर अजून कोमट लागते ना, तसा. हिरवा गेला. दुसऱ्या दिवशी रंगारी म्हणाले, शहाडला एका गिऱ्हाइकाकडे असंच हिरवट झालंय, तिथे करून बघतो.

एक गोष्ट राहिली, ती कमी सुंदर पण जास्त महत्त्वाची. खिडकीच्या ग्रिलवर तीस वर्षांचे थर होते आणि तळाशी लालभडक प्रायमर. तो कोरडाच घासायला घेतला होता, मी थांबवलं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे नव्वद पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात काय असेल ते सांगवत नाही, आणि लोखंडाला लावायचा जुना शेंदरी प्रायमर म्हणजे पुष्कळदा शिशाचंच भस्म. पाणी मारून घासलं, मास्क लावला, धूळ ओल्या फडक्याने टिपली. लहान मूल असलेल्या घरात तर हे केल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नये.

बाकी सजावट म्हणाल तर फार नाही. सोलापुरी चादर, राखाडी चौकड्यांची. आईच्या इरकलीच्या लाल पदराचे दोन अभ्रे शिवून घेतले, साडी कधीच विरली होती, पदर धडधाकट. ट्यूब काढली, पिवळसर उजेडाचा एक दिवा उशाशी, एक कपाटाच्या बाजूला. पांढऱ्या ट्यूबखाली विटकरी भिंत सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूसारखी दिसते. कपाटाला रंग दिला नाही. त्याच्या डाव्या दारावर मुलीने शाळेत असताना लावलेल्या स्टिकरचा चौकोनी डाग आहे, तो पुसला तर निघेल.

मुलगी दिवाळीत आली, दारात उभी राहिली. “लहान दिसतेय गं खोली,” म्हणाली. मी म्हटलं, आहेच. मग ती पलंगावर आडवी झाली आणि दीड तास उठली नाही.

संध्याकाळी दिवा न लावता मी कधीकधी तशीच बसते. उजेड कमी होत जातो तसा सगळ्यात आधी लाल विझतो, काळा होतो, आणि राखाडी भिंती मात्र बराच वेळ उजळ राहतात. मंद प्रकाशात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने हे एकोणिसाव्या शतकात नोंदवलं, त्याचं नाव या प्रकाराला आहे. म्हणजे रोज साडेसहा ते सात माझ्या खोलीत लाल नसतोच. नणंदेला सांगायला हवं.

कपाट न हलण्याचं कारण राहिलं सांगायचं. माळा बांधला तो कपाट आल्यानंतर, ह्यांनीच उभं राहून बांधून घेतला, आणि त्याचा कडाप्पा एका टोकाला कपाटाच्या डोक्यावरच टेकवला. गवंड्याने सांगितलं होतं, साहेब, हे पुढे काढता येणार नाही. हे म्हणाले, काढायचंय कुणाला? त्यामुळे रंगाऱ्यांनी फटीतून जेवढा पोचला तेवढा ब्रश घातला आणि सोडून दिलं. टॉर्च मारून गाल भिंतीला लावला की दिसतो, कपाटाच्या मागे साडेसहा फूट उंच आणि तीन फूट रुंद आयव्हरी.